ब्लड बोल: समोरचा संघ पाहून लोक ‘नको’ का म्हणतात?

धांदरट (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०:५२

ऑनलाइन ब्लड बोल खेळणाऱ्या आपल्या पुण्याच्या टोळक्यात सध्या एक वाद धुमसतोय. व्हॉट्सॲपवर तो हातघाईवर आला, तेव्हा म्हटलं इथे सविस्तर होऊन जाऊ दे. सामन्याचं आमंत्रण आलं, समोरच्याचा संघ उघडून पाहिला आणि ‘नको’ म्हटलं, तर तो पळपुटेपणा होतो का?

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. ब्लड बोल हा गेम्स वर्कशॉपचा १९८६ सालचा बोर्ड गेम, रचनाकार जर्विस जॉन्सन. अमेरिकन फुटबॉलची टिंगल म्हणा हवं तर, पण मैदानात ऑर्क, एल्फ, बुटके, उंदीरमाणसं आणि सांगाडे. २६ बाय १५ चौकोनांचं मैदान, एका बाजूचे ११ जण, दोन अर्ध, प्रत्येक अर्धात प्रत्येकाच्या ८ चाली. चेंडू पलीकडच्या टोकाला नेला की टचडाऊन. वाटेत येईल त्याला आडवा करायची पूर्ण मुभा. २००३ पासून ‘फंबल’ नावाच्या चाहत्यांनी चालवलेल्या साइटवर हा फुकट खेळता येतो. सायनाइड कंपनीचे विकतचे गेमही आहेत, तिसरा २०२३ मध्ये आला. आपण बहुतेक सगळे फंबलवाले.

खरी गोम पुढे आहे. बुद्धिबळात वजीर मेला तरी पुढच्या डावाला तो पटावर हजर असतो. इथे मेला तो मेला. जास्त जखमी झाला तर पुढचा सामना घरी बसणार. कधी पायच कायमचा अधू होतो आणि चाल एका चौकोनाने कमी होते. एकेक कौशल्य शिकवत वर्षभर वाढवलेला वॉरडान्सर (एल्फांचा हुकमी खेळाडू) एका ठोशात यादीतून खोडला जातो. संघाला अपोथेकरी (वैद्य) असतो, ५०,००० मोहरांना घेतलेला, पण तो सामन्यात एकदाच धावून येतो आणि त्याच्याही हाताला यश लागतं.

वेळेचंही बघा. चालीला ४ मिनिटं, दोघांच्या मिळून ३२ चाली, म्हणजे दोघांनीही घड्याळ पुरतं वापरलं तर १२८ मिनिटं. मध्येच उठलात तर समोरच्याची रात्र वाया. ‘हो’ म्हणणं म्हणजे जेवण उरकून, बायकोला सांगून, फोन उलटा ठेवून बसणं.

मी गटातल्या लोकांना विचारलं, सामने का नाकारता? पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच: ‘वेळ नव्हता रे.’ खरं काय ते दुसऱ्या चहाला बाहेर येतं. एकाची स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे, त्याला अकराच्या अकरा धडधाकट हवेत. एकाचं रेटिंग वर गेलंय, आणि खालच्याला हरवून मिळतं चिमूटभर, हरलं तर जातं ओंजळभर. एकाला दुबळ्या हाफलिंगांशी खेळायचं नाही, कारण जिंकलं तर कुणी विचारत नाही आणि हरलं तर महिनाभर सगळे विचारतात. आणि बुटके बघितले की झोप येते, हे सांगणारे तर निम्मे.

माझं मत सरळ आहे. एवढं सगळं पणाला लागत असताना समोर कोण आहे ते बघणं यात लाजण्यासारखं काही नाही. गटातल्या काहींना वाटतं, मर्दासारखं येईल तो सामना घ्यावा. त्यांनी इथे येऊन मांडावं.

---

वारज्याचा_एल्फ | मंगळवार, रात्री ११:१५

+१. माझा वुड एल्फ संघ आहे. चिलखत जेमतेम, धावायचे सुसाट. लोक म्हणतात एल्फवाले फार नाकारतात. नाकारणारच. माझा एकेक खेळाडू महाग, राखीव बाकावर मोजून एखादा. दोन जण बाहेर गेले की सातव्या-आठव्या चालीला मी नऊ जणांनिशी उभा असतो.

पण सरसकट ‘मारकुट्या संघांना घाबरतो’ म्हणू नका. मी ऑर्कांशी आनंदाने खेळतो. त्यांचे ठोसे पडतात, पण माझे सगळीकडून निसटतात. मी बघतो ते एकच, डॉजला, म्हणजे निसटण्याच्या कौशल्याला, तोड असलेलं टॅकल किती जणांकडे आहे. टॅकल नसेल तर माझा डॉजवाला अर्ध्या ठोशांतून फक्त मागे ढकलला जातो, पडत नाही. टॅकल आलं की तो आणि साधा लाइनमन सारखेच.

---

बुटकेवाला | मंगळवार, रात्री ११:४१

आलं का माझं नाव? यायचंच होतं.

मी गेली कित्येक वर्षं बुटके खेळवतोय. २०२० च्या नियमांत माझा साधा बुटका जन्मतःच ब्लॉक (ठोसे देण्याचं कौशल्य) आणि टॅकल घेऊन येतो, चिलखत १०, म्हणजे दोन फाशांवर १० पडल्याशिवाय फुटत नाही. चाल फक्त ४. माझ्याकडे दुसरं आहे काय? ठोसा, आणि सावकाश पुढे सरकणं. यात माझा गुन्हा काय?

संध्याकाळी लॉगिन करून बसतो. समोर दहा-बारा कोच, म्हणजे संघ खेळवणारे, दिसतात. मी सगळ्यांना विचारतो, एल्फवाला गप्प, ॲमेझॉनवाला (लढवय्या बायकांचा संघ) गप्प, उंदीरवाला म्हणतो जेवायला चाललोय आणि पाच मिनिटांत दुसऱ्याशी खेळायला लागतो. अरे, जेवलास केव्हा! शेवटी माझ्याशी खेळतं कोण, तर दुसरा बुटकेवाला. दोन बुटके संघ समोरासमोर म्हणजे शनिवारच्या संध्याकाळी लक्ष्मी रोड. कुणीही पुढे सरकत नाही.

आणि धांदरटराव, ‘झोप येते’ हे कारण मला सगळ्यात जास्त लागलं. मेलेले खेळाडू समजू शकतो.

---

वारज्याचा_एल्फ | मंगळवार, रात्री ११:५८

बुटकेवालेसाहेब, राग नका मानू, पण ॲमेझॉनवाल्याने तुमच्याशी का खेळावं हे एकदा सांगा. त्यांच्या संघात लाइनवुमनपासून सगळ्यांकडे डॉज, त्यांचा सगळा खेळ त्यावर उभा. तुमच्या प्रत्येक साध्या बुटक्याकडे टॅकल. म्हणजे नाणेफेकीआधीच अर्धा सामना तुमच्या खिशात. हा सामना ‘दे’ म्हणणं म्हणजे पुण्यकर्म झालं.

---

बुटकेवाला | बुधवार, रात्री १२:०७

मग माझ्याशी खेळायचं कुणी? ऑर्कांनीच? तेही हल्ली क्लॉवाल्यांना (जाड चिलखतही फोडणाऱ्या पंजेवाल्यांना) शोधत फिरतात असं ऐकतो.

आणि हो, मीही नाकारतो. केऑस आणि नर्गल, ज्यांच्याकडे चार-चार क्लॉ आहेत, ते मी घेत नाही. कबूल. पण मी तसं लिहून कळवतो. जेवायला पळत नाही.

---

फासेमोड | बुधवार, सकाळी ९:३०

आकडे टाकतो, म्हणजे भांडण जरा जमिनीवर येईल. सगळे आकडे २०२० च्या नियमावलीचे.

वुड एल्फ लाइनमनचं चिलखत ८. दोन फाशांत ८ किंवा वर, ३६ पैकी १५ वेळा. चिलखत फुटल्यावर इजेचे दोन फासे, १० किंवा वर आलं तरच गंभीर इजा, ३६ पैकी ६. त्यानंतर १६ बाजूंचा फासा, १५ किंवा १६ म्हणजे मृत्यू. गुणाकार केला तर आपटल्यावर गंभीर इजेची शक्यता सुमारे ७ टक्के, मृत्यूची १ टक्क्याहूनही कमी. ११५ वेळा आपटला तर एखादा मरेल. म्हणजे भीती अवास्तव?

थांबा. मारणाऱ्याकडे मायटी ब्लो (जबर ठोशाचं कौशल्य) असेल तर तो अधिकचा एक चिलखताला किंवा इजेला, जिथे उपयोग होईल तिथे लावतो. आता गंभीर इजा १४ टक्क्यांच्या वर, दुपटीहून थोडी जास्तच. मृत्यू ५६ मध्ये एक. समजा सगळ्या संघाकडे मायटी ब्लो आहे आणि सामन्यात तीस वेळा तुमचे लोक आपटले. अपोथेकरी सोडला तर सरासरी चार जण गंभीर जखमी, आणि त्यांतले दोन-तीन जण पुढच्या सामन्याला नाहीत किंवा कधीच नाहीत.

आता गंमत. क्लॉ असलेला मारतो तेव्हा चिलखत कितीही असो, ८ ला फुटतं. वुड एल्फचं मुळातच ८. त्याला क्लॉने काडीचाही फरक पडत नाही! बुटक्याचं १०, म्हणजे ३६ पैकी ६ वरून थेट १५ वर, अडीचपट. म्हणून बुटकेवाले क्लॉ मोजतात आणि एल्फवाले टॅकल मोजतात. एकाच नर्गल संघाला दोघं दोन वेगळ्या कारणांनी नाकारतात, किंवा एक नाकारतो आणि दुसऱ्याला कळतच नाही हा का घाबरला.

टॅकलचंही सांगून टाकतो. मारणाऱ्याकडे ब्लॉक, सोसणाऱ्याकडे डॉज, दोन फाशांचा ठोसा. टॅकल नसेल तर पाडण्याची शक्यता ५६ टक्के, असेल तर ७५.

---

सिंहगड_रोडी | बुधवार, सकाळी १०:१२

फासेमोड, हे ऑफिसच्या वेळेत लिहिलंत ना? हिंजवडीतल्या कुठल्या फेजमधून? मॅनेजर विचारतोय.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:२०

तुम्ही सगळे संघांबद्दलच बोलताय. माझे निम्मे नकार घड्याळापायी असतात.

गेमफाइंडरवर (फंबलवर प्रतिस्पर्धी शोधायची जागा) गर्दी असते ती युरोपच्या संध्याकाळी. त्यांचे संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ, कारण ते घड्याळ पुढे-मागे करतात आणि आपण करत नाही. साडेदहाला सुरू केलेला सामना साडेबारा-एकला संपतो. सकाळी साडेसातची कंपनीची बस. अमेरिकेच्या पूर्वेकडच्यांचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले सकाळचे साडेसहा. तेव्हा दूधवाला, शाळेची रिक्षा, सगळं एकदम. ऑक्टोबरच्या शेवटी युरोपचं घड्याळ बदललं की दरवर्षी आठवडाभर माझे ठरलेले सामने हुकतात.

शिवाय पावसाळा. जूनमध्ये पहिला वळीव पडला की आमच्याकडे लाईट जाते. राउटरला छोटा इन्व्हर्टर लावलाय, पण नेट देणाऱ्यांच्या खांबावरचं काय? तेराव्या चालीला डिस्कनेक्ट झालो की समोरच्याला वाटतं हा हरतोय म्हणून पळाला. तेव्हापासून ढग दिसले की मी आमंत्रणच घेत नाही.

गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने आमच्या गटातले चौघे नदीपात्रात ढोल वाजवत असतात, त्यांचा तर प्रश्नच नाही.

---

धांदरट | बुधवार, दुपारी २:०५

वळीव जूनमध्ये नाही, एप्रिल-मेमध्ये. बाकी सगळं मान्य.

---

पेठकर | बुधवार, संध्याकाळी ६:४८

मी हा तुमचा खेळ खेळत नाही. मुलगा खेळतो, त्याने धागा दाखवला. पण ‘मर्दासारखं येईल ती जोड घ्यावी’ हे वाचलं आणि राहवेना.

आमचं लहानपण शुक्रवार पेठेत चिंचेच्या तालमीच्या आसपास गेलं. जत्रेतल्या कुस्त्या जवळून पाहिल्यात. मैदान सुरू होतं ते पोराटोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी. मग हळूहळू इनाम चढत जातं. जोड कोण लावतं? पंच. दोन पोरं पुढे येतात, पंच त्यांना शेजारी उभं करतात, उंची बघतात, मान बघतात, दंड बघतात, कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठ्या हे विचारतात. मागून वस्ताद ओरडतो, ‘जोड न्हाई!’ पोरगं गपचूप मागे जातं. मैदानात हजारो लोक असतात, कुणीही त्या पोराला भित्रा म्हणत नाही. वजनाचा काटा तिथे नसतो, डोळ्यांनीच मापायचं असतं, त्यामुळे नकाराचा हक्क हाच काटा.

आणि वस्ताद का नाही म्हणतो? पोरगं हरेल म्हणून नव्हे. हरल्याने काही जात नाही. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा असतात. पहिल्याच जत्रेत खांदा निखळला तर पुढचं सगळं साल गेलं. खुराक वर्षभर खाल्लाय, त्याची वसुली त्या दोन महिन्यांत व्हायची असते. तुमच्या त्या स्पर्धेआधीच्या धडधाकट अकरांसारखंच की हे.

एक फरक मात्र मोठा आहे. तिथे ‘नाही’ वस्ताद म्हणतो, पोरगं म्हणत नाही. पोराची इच्छा कायम लढायचीच असते, किंवा तसं दाखवावं लागतं. तुमच्याकडे पैलवान, वस्ताद आणि पंच तिन्ही तुम्हीच. म्हणून एवढी भांडणं.

---

बुटकेवाला | बुधवार, संध्याकाळी ७:२०

काका, नमस्कार. पण तालमीत ज्याला कुणीच जोड देत नाही असा पैलवान असतोच ना? त्याचं काय करतात?

---

पेठकर | बुधवार, संध्याकाळी ७:३३

असतो. त्याला मग लांबच्या मैदानात नेतात, जिथे कुणी ओळखत नाही. किंवा इनाम वाढवतात. इनाम चांगलं असलं की जोड मिळते.

---

अर्धवट_ऑर्क | बुधवार, रात्री ९:४०

पेठकरकाकांचा प्रतिसाद धाग्याचा कळस आहे. पण ‘पंच नेमले की भांडण मिटेल’ असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून जुनी गोष्ट सांगतो. फंबलवर हा प्रयोग होऊन गेलाय.

पूर्वी तिथे रँक्ड विभागात तुम्ही आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचात. लोक काय करायचे? वेचून वेचून सोपे सामने घ्यायचे. बुटकेवाले बरोबर ॲमेझॉन शोधायचे (हो, तुम्हीही साहेब). मग ओरड झाली की हे रँकिंग खोटं आहे. म्हणून ब्लॅकबॉक्स आला. तिथे तुम्ही फक्त संघ पुढे करायचे आणि ‘तयार आहे’ म्हणायचं. संघांचं मूल्य बघून जोड्या यंत्र लावणार. जोडी लागली की खेळायचंच, नाकारायची सोय नाही.

कागदावर एकदम न्याय्य. मर्दासारखं.

झालं काय ते बघा. तेव्हाच्या नियमांत क्लॉ, मायटी ब्लो आणि पायलिंग ऑन हे त्रिकूट एका खेळाडूला देता यायचं. क्लॉमुळे चिलखत ८ वर, मायटी ब्लोचा एक त्यात मिळवून ७ वर, आणि नाहीच फुटलं तर पायलिंग ऑनने अंगावर उडी मारून फासा पुन्हा. फासेमोड नीट सांगतील, पण माझ्या हिशेबाने ८२-८३ टक्के वेळा चिलखत फुटायचं. कुणाचंही. आता, नाकारता येत नाही म्हटल्यावर शहाणा माणूस काय करेल? जो कुणी समोर येईल त्याला मारू शकेल असाच संघ काढेल. ब्लॅकबॉक्स केऑस, नर्गल, केऑस ड्वार्फ यांनी भरून गेला. एल्फ कमी, गॉब्लिन तर हौशीपुरते. म्हणजे निवड संपली नाही. ती सामन्याच्या वेळेवरून संघ काढायच्या वेळेवर सरकली, एवढंच.

मला तरी यातून एकच दिसतं. नाकारायची मुभा असते तिथे नाजूक संघ जगतात. ती काढली की मैदानात एकाच जातीचे संघ उरतात, आणि ‘सगळ्यांशी खेळतो’ म्हणणाऱ्यांना खेळायला तेच उरतात. आज गेमफाइंडर आणि ब्लॅकबॉक्स दोन्ही दारं उघडी आहेत, ज्याला जे झेपेल ते.

२०२० च्या नियमांनी ती चूक बरीचशी दुरुस्त केली. पायलिंग ऑन गेलं, आणि क्लॉ लागू होतो तो फाशांच्या मूळ बेरजेवर, मायटी ब्लो त्याच्यात मिळवता येत नाही. तरी लोकांच्या मनातला क्लॉ अजून २०१२ चाच आहे. हे बुटकेवाल्यांना उद्देशून.

---

फासेमोड | बुधवार, रात्री ९:५५

८२.६. बरोबर आहे.

---

मंडईकर | बुधवार, रात्री १०:१८

मला अर्धवट_ऑर्क यांचं पटलं नाही. ब्लॅकबॉक्समध्ये मी खूप खेळलोय, आणि गेमफाइंडरपेक्षा तिथे डोकं शांत राहतं. गेमफाइंडरमध्ये अर्धा तास जातो तो एकमेकांचे संघ न्याहाळण्यात. तू यांचा काढ, मी त्यांचा काढतो, नाही नाही तुझा दुसरा, अरे त्याच्यात तर स्टार आहे. लग्नाच्या बोलणीला याहून कमी वेळ लागतो. ब्लॅकबॉक्समध्ये समोर नर्गल आला तर कपाळाला हात लावायचा आणि खेळायचं. मेले तर नफलची, म्हणजे या खेळातल्या देवाची, इच्छा.

ज्याला खेळाडूंचा इतका लोभ आहे त्याने हा खेळ का घ्यावा, हे मला खरंच कळत नाही. मरण हाच तर यातला मसाला.

---

वारज्याचा_एल्फ | बुधवार, रात्री १०:२६

मंडईकर, तुमचा संघ कुठला?

---

मंडईकर | बुधवार, रात्री १०:२९

नर्गल.

---

सिंहगड_रोडी | बुधवार, रात्री १०:३०

😂😂 चहा सांडला.

---

नवखी | गुरुवार, सकाळी ११:०५

मी दोन महिन्यांपूर्वी सुरू केलंय, ह्यूमन संघ. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या संघाचं मूल्य अजून दहा लाखांच्या आसपास, म्हणजे जेवढ्यात नवा संघ काढतात तेवढंच. मला वाटलं होतं, मोठे मोठे संघ माझ्यावर तुटून पडतील. झालं उलटंच! अकरा-साडेअकरा लाखांचे लोक खेळतात, पण तेरा-चौदा लाखांचे कोच मला सरळ नाकारतात. एक जण म्हणाला, ‘टीव्हीत फार फरक आहे.’ मला आधी वाटलं याच्या घरचा टीव्ही. मी कमकुवत आहे तर त्यांना भीती कशाची?

---

धांदरट | गुरुवार, सकाळी ११:४०

टीव्ही म्हणजे टीम व्हॅल्यू. दोन संघांत जितका फरक, तितकी रक्कम कमी मूल्याच्या संघाला त्या सामन्यापुरती उधळायला मिळते. त्यात तुम्ही भाड्याने स्टार खेळाडू आणू शकता, पंचाला लाच देऊ शकता, आणि दीड लाखाला जादूगार. हा जादूगार सगळ्यांचं दुखणं आहे. समोरचा चेंडू पिंजऱ्यात घालून, चार कोपऱ्यांवर चार रखवालदार उभे करून सातव्या चालीपर्यंत आणतो, आणि तुम्ही त्या पिंजऱ्यावर आगीचा गोळा टाकता. चेंडू कुठेतरी भलतीकडे. म्हणून अनुभवी लोक फरक दीड लाखाच्या आत आहे ना, ते आधी बघतात. तुम्हाला नाकारणारे तुमच्या ह्यूमनांना घाबरत नाहीत, भाड्याच्या जादूगाराला घाबरतात.

अजून एक कारण असतं ते कुणी तोंडावर सांगत नाही. नवा कोच दोन टचडाऊन खाल्ल्यावर मध्येच सोडून जातो ही भीती. दोन-चार सामने शेवटपर्यंत खेळलात, हरताना ‘छान खेळलात’ लिहिलंत, की नाव होतं. इथे लोक नावं लक्षात ठेवतात.

---

नवखी | गुरुवार, दुपारी १२:१०

धन्यवाद धांदरट! म्हणजे मी कमी असल्यामुळेच जास्त धोकादायक. छान आहे.

आणि नकार द्यायचा कसा? मला फार संकोच होतो. उत्तर न देणं बरं की कारण सांगणं?

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी १२:४५

एक ओळ. ‘आज दोन तास नाहीत’ किंवा ‘हा संघ स्पर्धेसाठी जपतोय, दुसरा चालेल का?’ बस. परदेशी मंडळी ‘नो थँक्स’ एवढ्यावर खूश असतात. आपल्याकडे ‘नको’ एवढंच लिहिलं तर समोरचा तीन दिवस विचार करतो, माझं काय चुकलं.

आणि काहीच उत्तर न देणं सगळ्यात वाईट. बुटकेवाल्यांचा राग नकारावर नाहीये, गप्प बसण्यावर आहे, असं मला तरी वाचताना वाटलं.

---

बुटकेवाला | गुरुवार, दुपारी १:०२

रात्रपाळी, बरोब्बर.

---

अर्धवट_ऑर्क | गुरुवार, रात्री ८:३०

एक सुचवू? पेठकरकाका म्हणाले तसं इनाम वाढवा. पुण्यातल्या आठ जणांची छोटी लीग काढू. सात फेऱ्या, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा. वेळापत्रक आधी लागलेलं, म्हणजे नाकारायचा प्रश्न नाही. आणि एल्फवाल्यांसाठी रेझरेक्शन नियम: सामना संपला की सगळे मेलेले जिवंत, सगळ्या जखमा पुसल्या, संघ पुन्हा होता तसा. टेबलावरच्या बऱ्याच स्पर्धा याच पद्धतीने होतात. मेलं तरी परत येणार म्हटल्यावर कोण कशाला नाकारेल?

---

मंडईकर | गुरुवार, रात्री ८:४४

अजिबात नाही. रेझरेक्शन म्हणजे मिसळ मागवून तर्री परत पाठवणं. खेळाडू वाढणार नाहीत, मरणार नाहीत, मग लीग कशाला म्हणायचं? सात सुटे सामने म्हणा.

---

वारज्याचा_एल्फ | गुरुवार, रात्री ८:५०

मला चालेल. मंडईकरांना चालत नाही यातच सगळं आलं.

---

धांदरट | गुरुवार, रात्री ९:१५

मतदान घेऊ. मला स्वतःला मरण हवं, पण एल्फवाले तिघे आहेत, आणि ते आले नाहीत तर लीग म्हणजे पाच मारकुट्यांची हाणामारी. अर्धवट_ऑर्क यांनी ब्लॅकबॉक्सचं सांगितलं तेच इथे आठ जणांत होईल. मधला मार्ग असा सुचतो: जखमा पुढे चालू, मृत्यू मात्र माफ, मेलेला फक्त एक सामना मुकेल. सायटीवर हे हाताने सांभाळावं लागेल, ते मी करीन. गणपती झाल्यावर सुरू करू, म्हणजे ढोलवालेही येतील.

---

बुटकेवाला | गुरुवार, रात्री ९:३१

माझं मत मधल्या मार्गाला. पण गणपतीपर्यंत काय करू? उद्या रात्री दहाला बुटके घेऊन बसतोय. कुणी आहे का? आधीच सांगतो, पूर्ण दोन तास लागतील आणि मी चेंडू सावकाश नेणार आहे.

---

नवखी | गुरुवार, रात्री ९:४०

मी आहे. माझ्याकडे गमवायला काही नाही, एकाच खेळाडूला कौशल्य मिळालंय आणि तो तसाही लंगडा आहे.

---

बुटकेवाला | गुरुवार, रात्री ९:५२

वा! एक मिनिट, तुमचा संघ बघितला. तुमचे दहा लाख, माझे साडेपंधरा. साडेपाच लाखांचा फरक... ताई, तेवढ्यात जादूगार येईल आणि वर एखादा बरा स्टारही.

---

वारज्याचा_एल्फ | गुरुवार, रात्री ९:५४

जेवायला चाललात का साहेब?

---

बुटकेवाला | गुरुवार, रात्री १०:०३

नाही हो. नवा संघ काढतोय, दहा लाखांचा. ताई, उद्या दहालाच या.